कात्रजचा उतार आणि तिसरा गियर

भवानी पेठेत पूर्वी ‘मर्सिडीज’ म्हटले की कोणाच्याही डोळ्यांसमोर श्रीमंताची मोटार येत नसे. लांब नाकाचा, समोर तीन टोकांची चांदणी असलेला मालट्रक येई. टेल्को आणि जर्मनीची डाइम्लर-बेंझ यांच्यातील करारानुसार १९५४ पासून जमशेदपूरला हे ट्रक तयार होऊ लागले आणि १९६९ मध्ये तो करार संपेपर्यंत त्यांच्यावर ती चांदणी होती. पुढे चांदणी जाऊन टाटांचे ‘टी’ आले, टेल्कोचा कारखानाही १९६६ मध्ये पुण्याच्या दाराशी आला; परंतु पेठेतील हमाल, मापाडी आणि बिल्टी फाडणारे कारकून जुन्या गाडीला अखेरपर्यंत ‘मर्सिडीज’च म्हणत राहिले. माझे वडील गुळाच्या एका पेढीवर दिवाणजी होते. त्यामुळे कोल्हापूरहून आलेली गाडी रिकामी होताना पाहणे हा माझ्या बालपणीचा नित्याचा कार्यक्रम होता. गुळाचा वास आणि तापलेल्या ब्रेकचा वास हे दोन वास माझ्या स्मरणात आजही एकत्रच येतात.

एम.कॉम. करून मी १९८० मध्ये बँकेत लागलो आणि चार वर्षांनी नशिबाने त्याच भागातील एका शाखेत कर्जविभागात आलो. बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर एक-दोन ट्रकांच्या मालकांना, म्हणजे लघु वाहतूकदारांना, अग्रक्रम क्षेत्र म्हणून कर्जे देण्याचे धोरण होते. अशा वीस-बावीस फायली माझ्या टेबलावर होत्या. गाडी बँकेकडे नजरगहाण, मालकाच्या ताब्यात चावी, आणि दरमहा हप्ता असा तो व्यवहार. हप्ते थकले की गाडी ताब्यात घ्यायची आणि लिलावात काढायची. कागदावर हे फार सोपे असते.

त्यांपैकी एका फायलीचे मालक स्वतःच चालक होते. सारी पेठ त्यांना मामा म्हणे. मीही म्हणत असे. ते मात्र माझ्या दुप्पट वयाचे असून मला ‘साहेब’ म्हणत आणि खुर्चीच्या कडेला बसत. १९६८ ची चांदणीवाली गाडी त्यांनी जुनी विकत घेतली होती. पहिले दोन वर्षे त्यांचा हप्ता पाच तारखेच्या आत येई. मग एकाएकी थांबला. सात हप्ते थकले. विभागीय कार्यालयाचे पत्र आले की थकबाकी हेतुपुरस्सर दिसते, गाडी ताब्यात घेण्याची शिफारस पाठवावी. मी शिफारस टंकलिखित करून घेतली. सही तेवढी राहिली होती, कारण आमचे शाखाधिकारी जुन्या वळणाचे होते. ते म्हणाले, “गाडी एकदा पाहून या. न पाहता सही करू नका.”

गाडी पाहण्यासाठी मी नाना पेठेत गेलो. मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांच्या मागे एका बोळात तिचा गियरबॉक्स उघडून ठेवला होता. मेकॅनिकने तेलाने माखलेल्या हाताने एक दातेरी चाक माझ्यापुढे धरले. त्याचे तीन दाते तुटले होते आणि उरलेल्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. “वर्षात दुसऱ्यांदा,” तो म्हणाला. “डबल क्लच न मारता चालवली की हेच होणार.”

डबल क्लच हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता. त्याचा अर्थ मात्र त्या बोळात कळला, आणि तो येथे थोडा विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण पुढील सारे त्यावरच अवलंबून आहे.

गियरबॉक्समध्ये एक बाजू इंजिन फिरवते आणि दुसरी बाजू चाकांना जोडलेली असते. दोन्हींचे दाते एकमेकांत बसायचे तर दोन्हींचा फिरण्याचा वेग जुळावा लागतो. आजच्या गाड्यांत हे जुळवण्यासाठी पितळी कडी बसवलेली असते. दाते भिडण्यापूर्वी ती घासून दोन्ही बाजूंचा वेग एक करते आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मामांच्या गाडीत ती कडी नव्हती. ते काम चालकाने पायाने आणि कानाने करायचे. खालचा गियर टाकायचा असेल तर क्लच दाबायचा, गाडी न्यूट्रलमध्ये आणायची, क्लच सोडायचा, मोकळ्या इंजिनाला ॲक्सिलरेटरचा झटका देऊन त्याचा वेग नेमका हवा तेवढा वाढवायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मगच गियर आत ढकलायचा. हे सारे दीड-दोन सेकंदांत. झटका कमी पडला तर दाते करकरतात, जास्त झाला तरी करकरतात. जमला तर दांडा लोण्यात सुरी जावी तसा आत जातो. प्रत्येक गियरमागे डावा पाय दोनदा खाली जातो, हे लक्षात ठेवावे.

मामांचा डावा गुडघा गेला होता. फायलीत याचा कोठेही उल्लेख नव्हता, कारण आमच्या अर्जात गुडघ्याचा रकाना नव्हता. खंबाटकी आणि कात्रज असे दोन घाट चढून उतरायचे तर क्लच किती वेळा दाबावा लागतो याची गणती त्यांनी कधी केली नव्हती. गुडघ्याने केली असावी. म्हणून त्यांनी एक तरुण ड्रायव्हर ठेवला. पोरगा कष्टाळू होता, परवाना खरा होता, परंतु तो पितळी कडीच्या नव्या गाड्यांवर शिकला होता. गियरबॉक्स दोनदा फुटला, दोन्ही वेळा गाडी पंधरा-पंधरा दिवस बोळात पडली, दुरुस्तीला उसने पैसे घ्यावे लागले. माझ्या टेबलावरच्या सात थकीत हप्त्यांचा उगम हा होता.

तरीही मी बँकेचा माणूस. सांगितलेले कारण आणि खरे कारण वेगळे असू शकते, हे आम्हांला शिकवलेले असते. मी मामांना म्हणालो की गाडी दुरुस्त झाली की पुढच्या खेपेला मी बरोबर येईन. त्यांना आश्चर्य वाटले, पण ते नाही म्हणाले नाहीत. सही न केलेली शिफारस माझ्या पिशवीत होती, हे त्यांना ठाऊक नव्हते.

फेब्रुवारी १९८५ मधला तो शनिवार होता. मी सकाळच्या एसटीने कोल्हापूर गाठले. गुळाचे रवे भरून, ताडपत्री आवळून गाडी दुपारी निघाली. सात-आठ टन माल. तरुण ड्रायव्हर चाकावर, मध्ये मी, दाराशी मामा, आणि वर मालावर क्लीनर. त्या गाडीचे नाक इतके लांब की जवळचा रस्ता दिसतच नसे. इंजिनाची उष्णता पायांना भाजे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा आमच्या घरचा नियम, म्हणून कऱ्हाडच्या अलीकडे गाडी थांबवून मी आईने दिलेल्या दशम्या सोडल्या. मामांनी क्लीनरला खाली बोलावले आणि आम्ही चौघांनी त्या वाटून खाल्ल्या. बँकेचा साहेब कर्जदाराच्या गाडीच्या सावलीत बसून जेवतो आहे, हे कोणी पाहिले असते तर काय म्हटले असते, असा विचार माझ्या मनात आल्याचे मला आठवते. आता त्याची लाज वाटते.

साताऱ्यापर्यंतच्या प्रवासात सांगण्याजोगे काही नाही. खंबाटकीच्या चढाला मात्र मी प्रथमच मामांना काम करताना पाहिले. ते चाकावर नव्हते, तरी त्यांचा डावा पाय लाकडी फळीवर हलत होता. पोरगा गियर टाकण्याच्या अर्धा क्षण आधी त्यांच्या तोंडून हलकेच ‘हं’ निघे. पोरगा त्या ‘हं’वर गियर टाकी. चारांपैकी तीन वेळा दांडा गपकन बसे. चौथ्या वेळी असा आवाज होई की माझे दात शिवशिवत. मामा त्यावर रागावत नसत. एवढेच म्हणत, “हाताने नको टाकू. कानाने टाक.”

खेड शिवापूर मागे टाकून कात्रजचा घाट चढेपर्यंत मध्यरात्र उलटली. तेव्हा बाह्यवळण रस्ता नव्हता. साताऱ्याकडून येणारी प्रत्येक गाडी जुन्या बोगद्यातूनच पुण्यात उतरे. त्या बोगद्यातून बाहेर पडताच खाली पुण्याचे दिवे दिसतात. नानासाहेब पेशव्यांनी जेथून शहरात पाणी नेले तो कात्रजचा तलाव अंधारात कोठेतरी खाली असतो. दिवसभर प्रवास केलेल्या माणसाला ते दिवे पाहून घर आल्यासारखे वाटते, आणि मला वाटते, घाटातील निम्मे अपघात त्या भावनेनेच होत असावेत.

पोरगा चौथ्या गियरमध्ये बोगद्याबाहेर आला. उतार सुरू होण्यापूर्वीच तिसरा टाकायला हवा होता. पहिल्या वळणानंतर त्याने तो टाकायचा प्रयत्न केला. चौथा सुटला, तिसरा बसला नाही. करकर झाली, त्याने पुन्हा ढकलले, पुन्हा करकर. तेवढ्या वेळात गाडी मोकळी झाली होती. इंजिनाचा आवाज एकदम लहान झाला आणि त्याऐवजी टायरांचा आणि वाऱ्याचा आवाज ऐकू येऊ लागला. ती शांतता मी अजून विसरलेलो नाही.

या क्षणी काय होते याचा हिशेब मी नंतर कागदावर मांडला. मांडणी सोपी व्हावी म्हणून आकडे गोल धरले आहेत. ताशी ३० किलोमीटरला चौथ्या गियरमध्ये इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर त्याच वेगाला तिसऱ्यात २५०० घ्यावे लागतात. जुन्या डिझेल इंजिनाची धाव २८०० च्या आसपास संपते. गाडी मोकळी सुटून ४० वर गेली की तिसऱ्याला ३३०० हून अधिक फेरे हवेत. म्हणजे तिसऱ्याचे दार बंद. ६० वर गेली की चौथ्याला ३००० हवेत. तेही दार बंद. उरतो तो पाचवा, आणि पाचवा गियर उतारावर भरलेल्या गाडीला फारसे धरून ठेवत नाही. न्यूट्रलमधील प्रत्येक सेकंद एकेक दार लावत जातो. मग उरतात केवळ ब्रेक, आणि ड्रम तापले की तेही हळूहळू हात आखडते घेतात. माझ्या सबंध नोकरीत चक्रवाढीचा याहून भयंकर तक्ता मी पाहिलेला नाही.

मामा ओरडले नाहीत. ते म्हणाले, “गियर विसर. आधी ब्रेक. दाब. सोडू नको, दाब.” पोरग्याने दोन्ही हातांनी चाक धरून ब्रेक दाबला. गाडी थरथरली. समोरचे वळण आमच्याकडे चालून येत होते आणि दरीच्या बाजूचे पांढरे दगड दिव्यात एकेक उजळत होते. वेग थोडा तुटला. “क्लच सोड. रेस दे. अजून. अजून... हं.” दांडा आत गेला. इंजिन असे कण्हले की जणू सारा माल त्याच्या पाठीवर पडला होता, आणि गाडी धरली गेली.

पुढच्या रुंद जागी आम्ही थांबलो. क्लीनर वरून उडी मारून उतरला आणि त्याने न सांगता चाकांपुढे लाकडी ठोकळे लावले. त्याला वर बसून सारे कळले होते. ब्रेकचा जळका वास आणि गुळाचा वास तेथे एकत्र झाला होता. पोरगा बाजूला जाऊन ओकला. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पाणी दिले, आणि अर्ध्या तासाने, ड्रम हाताला सोसतील इतके निवल्यावर, स्वतः चाकावर बसले. भिलारेवाडीपर्यंतचा उरलेला घाट त्यांनी एकदाही करकर होऊ न देता उतरवला. प्रत्येक वेळी क्लच दाबताना त्यांचा ओठ दाताखाली जात होता. मी ते मोजू लागलो आणि मध्येच मोजणे सोडून दिले. कात्रजच्या जकात नाक्यावर रांगेत गाडी उभी राहिली तेव्हा ते म्हणाले, “साहेब, गाडी चांगली आहे. तिला माणूस हवा.”

सोमवारी मी शिफारस फाडली आणि नवी लिहिली. थकीत हप्त्यांची पुनर्रचना करावी. थकबाकी हेतुपुरस्सर नाही. गाडीचे मूल्य शाबूत आहे. मालकाच्या आजारपणामुळे नेमलेल्या चालकास या जुन्या बनावटीच्या गियरबॉक्सचा सराव नव्हता. सराव सुरू आहे. शेवटच्या वाक्यावर विभागीय कार्यालयातून विचारणा आली की ‘सराव’ म्हणजे काय व त्याचा पुरावा कोणता. पुराव्यासाठी मी कात्रजच्या पलीकडील एका मोकळ्या माळावर दोन-तीन रविवार पहाटे गेलो. मामा रिकाम्या गाडीत पोरग्याला शिकवत. डोळे मिटायला लावून इंजिनाचा आवाज ओळखायला सांगत. एका रविवारी त्यांनी हसून मलाही चाकावर बसवले.

मी त्या दिवशी एक भरभक्कम ट्रक सुमारे चारशे मीटर चालवला, हे आज नातवंडांना सांगतो तेव्हा त्यांना खरे वाटत नाही. चाक फिरवताना खांदे भरून आले. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थांबावे लागते; इंजिन आपोआप मंदावेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि माझ्या स्वभावाला वाट पाहणे मानवत नाही. दुसऱ्यातून तिसऱ्यात एकदा, केवळ एकदा, दांडा विनातक्रार गेला. त्या वेळी हाताला काहीच जाणवले नाही, आणि ते काहीच न जाणवणे इतके सुखाचे होते की मी ब्रेक लावायलाच विसरलो. मामांनी हातब्रेक ओढला.

पुनर्रचना मंजूर झाली. कर्ज १९८८ मध्ये, ठरलेल्या मुदतीनंतर दोन महिन्यांनी फिटले. पोरगा पुढे गाडीचा निम्मा भागीदार झाला असे ऐकले. मामांचा गुडघा मात्र सुधारला नाही. येथे आणखी एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते. त्याच वर्षी माझ्या टेबलावर अशीच दुसरी एक फाईल होती. त्या गाडीबरोबर मी गेलो नाही. मार्चअखेर होती, वेळ नव्हता. टेबलावरूनच शिफारस केली आणि गाडी लिलावात गेली. तिचे हप्ते का थकले होते हे मी आजपर्यंत सांगू शकत नाही.

तो गियरबॉक्स आता आपल्याकडे पाहायला मिळणे कठीण. अमेरिकेत माझा पुतण्या राहतो; तो सांगतो की तिकडच्या अवजड ट्रकांत पितळी कडी नसलेले दहा, तेरा, अगदी अठरा गियरचे बॉक्स अजून आहेत. तेथील कसलेले चालक गाडी सुरू झाल्यावर क्लचला पायही लावत नाहीत. केवळ आवाजावर गियर बदलतात. स्वयंचलित गियरच्या गाडीवर परीक्षा देणाऱ्याला तिकडे साध्या गियरचा ट्रक चालवण्याची मुभा मिळत नाही. आपल्याकडील नव्या ट्रकांत पितळी कडी आहे, काहींत तर गियर आपणहून बदलतात. मामांच्या गुडघ्याला हे आवडले असते.

परंतु गियर बदलणे सोपे झाले म्हणून उताराचा हिशेब बदललेला नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यावर आम्ही नऱ्ह्याला राहायला आलो. नवा कात्रज बोगदा, जांभूळवाडीचा दरी पूल, स्वामीनारायण मंदिर, आणि मग नवले पूल असा हा सलग उतार आमच्या घरापासून जवळ आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एक भरलेला मालट्रक याच उतारावरून येऊन नवले पुलाजवळच्या अनेक गाड्यांवर एकामागून एक आदळला. आधी ब्रेक निकामी झाल्याचे म्हटले गेले. तपासात, डिझेल वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे पुढे आले. इंजिन बंद म्हणजे हवेचे ब्रेक भरणारा कॉम्प्रेसर बंद. जेवढी हवा टाकीत आहे तेवढीच, आणि प्रत्येक दाबासरशी तीही कमी. पॉवर स्टिअरिंगही बंद. वाचलेले डिझेल किती? मी हिशेबी माणूस आहे, तो आकडा लिहायलाही मला संकोच वाटतो. आणि चालकाला दोष देण्यापूर्वी, त्याच्या पगारातून डिझेलचा फरक कोण कापून घेतो, हेही विचारायला हवे. फायलीत तो रकाना आजही नसावा.

त्यानंतर येथे वेगमर्यादेचे फलक लागले, रस्त्यावर खडखडणारे पट्टे आले, उतारावर न्यूट्रल वापरू नका असे सांगितले जाते. भोसरीला १९६७ पासून केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे. पुण्यासारख्या, रस्ते वाहतुकीचे शिक्षण देणाऱ्या शहराच्या वेशीवर हे घडावे याचा खेद वाटतो.

वयामुळे झोप उशिरा लागते. गॅलरीत बसलो की उतारावरच्या गाड्या ऐकू येतात. गियरमध्ये असलेली गाडी कण्हत, घुमत, सावकाश येते. शेजाऱ्यांना त्या आवाजाचा त्रास होतो आणि सोसायटीच्या सभेत दरवेळी तक्रार निघते. मला त्या आवाजात झोप लागते. मध्येच एखादी गाडी नुसत्या टायरांच्या सळसळीने, इंजिनाच्या आवाजाशिवाय येते. तेव्हा मी उठून कठड्याशी जातो, आणि ती पुलापलीकडे जाईपर्यंत माझा डावा पाय फरशीवर दाबलेला असतो.